धुक्यातून आलेली ओ

केंदुरात माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. पारावर मी म्हटलं की विहिरीत सुसर होती, तर लोक घोरपड धरतात. मी घोरपड म्हटलं तर पाल धरतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. साधी हकीकत म्हणजे अळणी भाकरी, ती कोण खातो? पण ही एकच गोष्ट अशी आहे, की तिच्यात मला चिमूटभरही घालता येत नाही.  तोंडानं सांगितली की लोक आधीच हसायच्या तयारीनं बसतात, म्हणून लिहून काढतोय.

देवाच्या बाबतीत माझा हिशेब सरळ होता. आमचा खंडोबा. आजा-पणजा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले ते त्याच्याच भरवशावर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही, अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि मग गावात जमीन कसायला बसले. मी मात्र देवाला हाक मारायचो ती रस्त्यात ओळखीचा दिसला की रामराम घालावा, तशी. आपण ‘येळकोट येळकोट’ म्हणायचं, समोरचा माणूस ‘जय मल्हार’ म्हणतो, दोघंही आपापल्या वाटेनं जातात. वर कुणी ऐकतो का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला असता तर ‘नसावा’ असंच म्हणालो असतो, फक्त आबांच्या माघारी.

भादवा संपत आला होता. झेंडू तोडायला अवकाश होता आणि बायकोनं महाबळेश्वरचा धोशा लावला होता. “लग्न झाल्यापासनं तुम्ही मला काश्मीर पण दाखवलं आन् उटी पण. समदं पारावर बसून,” ती म्हणाली.  आबांना घेतलं आणि गाडी काढली. यवतला तिच्या माहेरी चहा झाला आणि जेजुरीच्या रस्त्याला लागलो. आमच्यात रीत अशी, की आधी देव, मग मौज. गड दिसू लागला तसे आबा म्हणाले, “गाडी थांबीव.” मी म्हणालो, “आबा, येताना जाऊ की. देव काय पळून जातोय व्हय?”  त्यांनी बटव्यातून भंडारा काढला, गडाकडं तोंड केलं आणि खिडकीतून मूठ उधळली. वारा उलटा होता. सगळी हळद गाडीत आली, ती थेट माझ्या तोंडावर. नीरा, लोणंद, वाई, सगळीकडं लोक माझ्याकडं असे बघत होते, जसा काही मी बोहल्यावरनं उठून पळालेला नवरदेवच.

वर पोचल्यावर सगळी मौज केली. तळ्यात नाव झाली, भाजलेली कणसं झाली. घोडेवाला आबांच्या मागं लागला, “बाबा, एक चक्कर मारा.” आबा त्याला म्हणाले, “देवाच्या वाहनावर मी बसू व्हय रं?” आणि त्यांनी त्या घोड्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला. घोडेवाला इतका गांगरला, की त्यानंही लावला.

दुपार कलताना आम्ही इको पॉइंटला गेलो. तिथं दरीच्या कठड्याला टेकून माणसं आपापली नावं ओरडत होती आणि दरी ती परत करत होती. मी छाती भरून “केंदूरचा वाघ” अशी आरोळी ठोकली. दरी म्हणाली, “वाघ… वाघ.” बायको म्हणाली, “दरीला काय, तुमच्या गावची थोडीच हाय ती.” एवढ्यात आबा म्हणाले, “जरा बाजूला जाऊन येतो.” शौचालयापुढं ही रांग. ती बघून ते हसले. “लघवीला काय लायनीत उभं राहायचं? रान कशाला केलंय देवानं?” घोंगडी खांद्यावर टाकली, काठी उचलली आणि कठडा ओलांडून झाडीत गेले. मी पुन्हा वाघ झालो.

मग धुकं आलं. ते चालत नाही आलं, धावत आलं. माझ्याच हाताची बोटं मला दुसऱ्या हातानं चाचपून बघावी लागत होती. बायको शेजारीच होती, पण तिचा नुसता आवाज आला. “अहो, आबा कुठं हायेत?”

 मी ओरडलो, “आबा!” दरीनं ते परत केलं. आणि मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या गर्दीतल्या माणसांना वाटलं, हा नवा खेळ आहे. कुणीतरी हसत ओरडलं, “आबा!” मग दुसरा, मग दहा जण, बाया, पोरं, सगळे. “आबाऽ… आबाऽऽ…” चारी बाजूंनी तेच, वरून दरी तेच माघारी देतेय. साऱ्या जगाचाच बाप हरवल्यासारखं झालं होतं. बायको कळवळून सांगत होती, “गप बसा ओ, म्हातारं माणूस हरवलंय.” तिचं ऐकतो कोण? माझ्या बापानं ओ दिली असती तरी ती मला कशी ओळखू येणार होती?

आबा समोरच्या अंगाला गेले होते एवढं मला आठवत होतं. मी कठड्यावरून एक पाय पलीकडं टाकला. पायाखाली ओलं गवत लागलं. दुसरा उचलणार होतो. तेवढ्यात आतून, मी न ठरवता, शब्द बाहेर पडले, “येळकोट येळकोट!”

हा शब्द त्या लोकांच्या खेळात नव्हता. सगळे गप्प झाले. दरी म्हणाली, “येळकोट… येळकोट…” दरी तेवढंच म्हणू शकते, आपण टाकलेलं परत देते. ते विरलं. आणि मग डाव्या हाताला, अगदी जवळून आवाज आला, “जय मल्हार.”

ओरडून नव्हे. शेजारचा माणूस पटका बांधता बांधता म्हणतो तसा, सहज.

मी पाय मागं घेतला. बायकोचा हात धरून कठड्याच्या कडेनं डावीकडं गेलो. कठडा संपतो तिथं एक पाऊलवाट खाली उतरत होती. ती वळसा घेऊन गेली आणि एका दगडावर, काठी मांडीवर आडवी ठेवून, आबा बसलेले. घोंगडीवर दहिवर जमलेलं.

“आलास? कुठल्या अंगानं आलास?” त्यांनी विचारलं.

“डावीकडनं.”

“बरं केलंस.” आणि धुकं जरा विरळ झालं तशी त्यांनी काठीनं दाखवलं. ते बसले होते तिथून कठड्यापर्यंत मधे एक घळ होती. वर गवत, खाली तळ दिसत नव्हता. मी जिथं पाय टाकला होता, तिथून ती दोन पावलांवर होती. आबा धुकं यायच्या आधीच तिला वळसा घालून आले होते.

मी मटकन खाली बसलो. म्हणालो, “आबा, तुम्ही ओ दिली म्हणून बरं. नाहीतर सरळच येत होतो.”

“मी कवा ओ दिली?”

“जय मल्हार म्हणालात ना?”

“मनात म्हनलो. तोंड न्हाई उघडलं.” ते शांतपणे म्हणाले. “धुक्यात बसलेल्यानं वरडू न्हाई. वरडलं की हुडकणारा नीट आवाजावर चालत येतो, मधी काय हाय ते बघत न्हाई. माझी किती मेंढरं अशीच गेली. तुझी हाक ऐकत होतो की मी. म्हणून तर दातावर दात धरून बसलो.”

मी बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. “मी पण ऐकलं,” ती म्हणाली. “मला वाटलं आबाच बोलले.”

आबांनी दोघांकडं बघितलं, बटवा काढला, उरलेला भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाले, “चला, थंडी वाजतीया.” तेवढंच.

त्या गर्दीत एखादा आपल्याकडचा माणूस असेल, त्यानं रीतीप्रमाणं ओ दिली असेल. असेलही. तसं असेल तर त्याचं भलं होवो. माझा बाप बोलला नाही आणि मी त्या आवाजावर चालत गेलो, एवढंच मला माहीत आहे.

गावात सांगितलं तेव्हा पारावरची मंडळी नाराज झाली. “आन् मग? एवढंच?” एक जण म्हणाला, “धुक्यात पांढरा घोडा न्हाई दिसला व्हय?” मी म्हणालो, “खोटं सांगायचं असतं तर घोडा मीच आधी घातला असता, वर स्वारही बसवला असता.” ते हसले आणि सवयीप्रमाणं निम्मं वजा केलं. या गोष्टीतून निम्मं वजा केलं तर काय राहतं? दोनच शब्द होते ते.

परतीच्या वाटेवर, घरी जायच्या आधी, जेजुरीला गेलो. गडावर भंडारा उडत होता, हजार गळे येळकोट करत होते. माझं तोंड उघडेना. बायको म्हणाली, “वाघ गप का आज?”  हाक मारायला मला लहानपणापासून शिकवलं होतं. ओ आली तर माणसानं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. आबांनी मला खांद्याला धरून पायरीवर डोकं टेकायला लावलं. मी टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

आता सकाळी झेंडूला पाणी सोडताना मी ‘येळकोट येळकोट’ म्हणतो आणि पुढचं म्हणायची घाई करत नाही. पाटाचं पाणी वाहतं, कुठं टिटवी ओरडते, बाकी काही येत नाही. येऊ नये असंही नाही, यावं असंही नाही. तेवढी जागा मोकळी ठेवतो, आणि मग फावडं उचलतो.