गुरम्माचं कढत तीर्थ

उदगिरात कुणाच्या कोपराला राख लागलेली दिसली की लोक ओळखायचे, हा गुरम्माच्या घरी जाऊन आला. तिच्या दारातच राखेची पाटी असायची. हात घासून धुतल्याबिगर आत पाऊल नाही. मग तो पाहुणा असो की तहसिलीतला चपराशी. रांजणात कुणी बोटं बुडवली की लांब दांड्याचं ओगराळं त्या बोटांवरच बसायचं. नवरा बसलिंगप्पा मोंढ्यातला नावाजलेला आडत्या, पण घरी दोन्ही तळहात दाखवल्याशिवाय त्याला ताट मिळत नसे.

सात वर्षांमागं पटकीनं तिच्या दोन लेकी एकाच आठवड्यात नेल्या होत्या. सरकारी डॉक्टर सांगून गेला, पाणी उकळा, हात धुवा. गाव महिन्याभरात विसरलं. गुरम्मा विसरली नाही. आता उरलेली एकटी महादेवी बाळंतपणाला आली होती, आणि मागच्या गल्लीत पुन्हा पटकी होती.

अशात सोमवारी लिंगायतांचे गुरू, जंगम स्वामी आले. त्यांचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घरानं प्यायचं, ही रीत. गुरम्मानं नारळाच्या शेंडीनं, राख लावून पाय घासले.

"अगं, राख कशाला?" गुदगुल्यांनी स्वामी पाटावरून घसरले.

"कपाळाला भस्म चालतं, मग पायाला का न्हाई?" पाय खळखळून धुतले, मग त्यांच्यावर नवं पाणी ओतून ते तीर्थ तांब्यात घेतलं आणि ती आत निघाली.

"तीर्थ कुठं नेतीस?"

"चुलीवर, अय्या," ती स्वामींना म्हणाली.

"चुलीवर? तीर्थ हाय का वरण?"

"उकळी आल्याबिगर माझी पोर पिणार न्हाई."

"मग मीबी जेवणार न्हाई!" स्वामी उठलेच.

बसलिंगप्पाला घाम फुटला. "अगं, स्वामी उपाशी गेले तर उद्यापासून जातभाई दारात उभे ऱ्हाणार न्हाईत. एक घोट तर हाय!"

"त्या दोघींनाबी घोटघोटच दिला होता," गुरम्मा म्हणाली.

मग ती स्वामींकडे वळली.

"अय्या, शिवाच्या तिसऱ्या डोळ्यात काय हाय?"

"जाळ."

"त्योच माझ्या चुलीत हाय. त्यावर ठेवून तीर्थ बाटतं व्हय?"

स्वामींचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. आतून हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा तुपाळ वास आला. त्यांनी पाय आत घेतला. "उकळी नीट येऊ दे मग."

त्या दिवशी घरानं तीर्थ फुंकर मारमारून प्यायलं. बसलिंगप्पाची तर जीभच पोळली.

पुढच्या महिन्यात महादेवीला मुलगी झाली. तिच्या गळ्यात लिंग बांधायला स्वामी आले, दारातच थांबले आणि कुणी सांगायच्या आधी पाटीत हात घातला.