मुका घास

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. मी तेव्हा नागपूरच्या एका दवाखान्यात आया होते. शिक्षण चौथीपर्यंत. डोळ्यांच्या वॉर्डात रोग्यांना भरवणं, अंग पुसणं, भांडं देणं ही माझी कामं. मोतीबिंदू काढला की त्या काळी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोग्याला उताणं निजवत. डोकं हलवायचं नाही, हा तिथला मोठा नियम.

उमरेडची एक आजी आली होती. मागावर लुगडी विणणाऱ्या घरातली. तिचा एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. भरवायला गेलं की ती तोंड फिरवी. नुसतं तोंड नाही, झटक्यानं सगळं डोकंच. डॉक्टर म्हणाले, असे झटके देत राहिली तर टाका सुटेल आणि हाही डोळा जाईल. शिकाऊ नर्स पोरी तिच्यावर ओरडत. एकीनं तर तिच्या कागदावर लिहिलं, रोगी हट्टी आहे. ते मी वाचलं आणि मला वाईट वाटलं.

मी ओरडत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली, अगदी हळू घास ओठाला लावायचा. शब्द नाही. सासरी मी हेच शिकले होते. मोठ्या माणसाची सेवा करताना बडबड करायची नाही, सासूला ताट वाढताना बांगडीसुद्धा वाजू द्यायची नाही. खरं सांगायचं तर मला मनातून अभिमान होता की या वॉर्डात आजीचा मान मी एकटीच राखते. तरी ती माझ्या घासालाही तसाच झटका देई. मला वाटे, दुखत असेल.

पोरींना शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी तो कागद वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चार पोरींना एका रिकाम्या खोलीत खाटांवर निजवलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, वाळूच्या पिशव्या लावल्या आणि मला दाराबाहेर बोलावून हळू आवाजात म्हटलं, "मावशी, आजीला रोज भरवता तसंच यांना भरवा. वेगळं काही करू नका."

पोरींना आधी गंमत वाटली.

"सिस्टर, जेवणात पुरणपोळी आहे का?"

"हिले पट्टी बांधली तरी खायाचंच सुचते."

सिस्टरनी त्यांना गप्प केलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. हसणं आपोआप विरलं. मग मी दलियाची वाटी घेऊन पहिल्या खाटेजवळ गेले. त्या खाटेवर 'हट्टी' लिहिणारीच पोर होती. चमचा ओठाला लागला आणि तिनं डोकं झटकलं, हुबेहूब आजीसारखं. वाळूची पिशवी खाली पडली, दलिया मानेवर सांडला.

"कोण आहे?" ती म्हणाली. मी गप्प.

"कोण आहे वं? बोलून काहून नाही राहिली?"

"मी," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही होय. मले वाटलं, पालच पडली तोंडावर." बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "आम्ही चिल्लावतो तर आजीले समजते तरी, कोणी आलं म्हणून. तुमचं तर पाऊलही वाजत नाही."

तिची मान पुसून मी बाहेर आले. आधी तिचाच राग आला. मग वाटलं, माझी खाली नजर, माझा पदर, आजीला त्यातलं काय दिसत होतं? तिच्या अंधारात तर काहीतरी ओलं येऊन ओठाला लागत होतं, बस. तो डोळा गेला असता तर त्यात माझ्या हाताचाही वाटा असता.

संध्याकाळी मी आजीच्या खाटेजवळ उभी राहिले. वॉर्डभर माणसं. इतक्या जणांपुढे मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. दलिया निवत चालला. शेवटी खाट घट्ट धरून म्हटलं, "आजी, मी आया. दलिया आणला. आता घास देऊन राहिली."

आजी म्हणाली, "तू कोणती? चिल्लावते, ते?"

"नाही. न बोलणारी."

"अवं माय. तू बाई आहेस? मले वाटे, कोणी गडीमाणूस येते चोरावानी."

शेजारच्या खाटेवरची खुदकन हसली. आजीनं तोंड उघडलं. डोकं जागचं हललं नाही. अर्धी वाटी झाल्यावर मला बोलायला काही उरलं नाही, तशी आजी म्हणाली, "थांबली काहून? बोल ना." मग मी वाटीत किती राहिलं तेच सांगत गेले.

पुढे पट्टी सुटली तेव्हा टाका शाबूत होता. तिला दिसू लागलं आणि ती घरी गेली.

पण तिच्याआधी मी तीन वर्षं त्या वॉर्डात होते. तेव्हा भरवलेल्या रोग्यांनी डोकं झटकलं नाही, मुकाट्यानं घास गिळले. त्यांना मी कोण वाटले असेन, हे आता विचारायला कोणी नाही.