काटा हलला तेव्हा

बाईंच्या यजमानांनी ती गाडी घेतली, त्याला सतरा वर्षं होऊन गेली होती. लांबलचक, गडद निळी, परदेशी बनावटीची. यजमान गेले, बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, तरी गाडी राहिली. आणि गाडीबरोबर तिचे ड्रायव्हरही राहिले. त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत.

हे नाव गिरणीतलं. ड्रायव्हर होण्याआधी अकरा वर्षं ते गिरणीच्या बॉयलरवर होते. समोर दाबाचा काटा, आणि त्याच्याकडे डोळ्यात तेल घालून बघणारे हे. पुढे गिरणी बंद पडली, बॉयलर भंगारात गेला, नाव तेवढं मागे उरलं. या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी ना वेग विचारला ना पेट्रोल. "इंजिनाच्या तापाचा काटा कुठला?" एवढंच विचारलं.

गावात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जाई. "ही थंड मुलखातली पोर," मास्तर म्हणत, "तिला इथलं ऊन सोसवत नाही. आपणच सांभाळून घ्यायचं." म्हणून दर दोन वर्षांनी इंजिन थंड ठेवणारं कूलंट बदलायचं, तेही शुद्ध पाण्यात मिसळून, नळाचं पाणी वर्ज्य. टायर कितीही धडधाकट दिसो, त्यावरची तारीख बघून काढायचा. बॅटरी दगा देण्याआधीच बदलायची. आणि इंजिनातलं रबर-प्लास्टिक पाच वर्षांपुढे ठेवायचं नाही, कारण उन्हाने ते आतून ठिसूळ होतं आणि बाहेरून हसत राहतं. आवारातल्या झाडाची सावली सरकली की तिच्यामागे गाडीही सरके, दिवसातून तीनदा.

"माझ्यावर कधी ऊन आलं तर उठून सरकवलंत का मला?" बायको विचारायची. गाडीला ती सरळ सवतच म्हणे.

"तू आपली आपण सरकतेस," मास्तर म्हणत, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात चहा मिळत नसे.

त्या वर्षी कूलंटच्या एका पाइपची पाच वर्षं भरली. मास्तरांनी नवा पाइप आणून डिकीत ठेवला, आणि तेवढ्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. महिनाभर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आल्यावर बदलू, म्हणून पाइप तसाच राहिला.

त्या महिन्यात गाडी बाईंच्या मुलाने चालवली. माणूस मनाने चांगला, पण यंत्राशी त्याचं नातं किल्ली फिरवण्यापुरतं. "मास्तर, म्हातारी झाली हो ती," तो म्हणायचा. "विकून छोटी, नवी घेऊ. तुम्हालाही आराम."  गाडी गेली तर आपणही गेलो, हे मास्तरांना न सांगता कळत होतं.

महिना संपला, आणि पाइप बदलायला सवड मिळण्याआधीच निघणं आलं. बाईंना दोनशे किलोमीटरवर थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. मुलगाही सोबत निघाला. मास्तरांनी पहाटे बॉनेट उघडलं. कूलंट बरोबर रेघेवर होतं. तेल ठीक, पट्टा ठीक. निघाले.

दहाच्या सुमारास लांब चढ लागला. रस्त्यावरून वाफा निघाव्यात तशी हवा थरथरत होती. मास्तरांची नजर सवयीने काट्यावर गेली. काटा रोजच्या जागेवर नव्हता. अर्धा केस वर होता.

 पण लगेच त्यांना शंका आली, की हा डोळ्याचा खेळ तर नव्हे? नव्या भिंगातून सगळंच वेगळं दिसत होतं. पांढरा रंग निळसर, रेघा धारदार. त्यांनी डावा डोळा मिटला, मग उजवा. पुन्हा पाहिलं. अर्धा केस वर.

"दादा, गाडी थांबवतो," ते मुलाला म्हणाले. "ताप चढतोय."

मुलाने पुढे वाकून पाहिलं. "अहो, मधेच तर आहे काटा! मास्तर, राग मानू नका, पण डोळा नवीन आहे तुमचा."

"असेल. पण या गाडीचा काटा लबाड आहे. थोडंफार तापलं तरी तो जागचा हलत नाही, माणूस उगाच घाबरू नये म्हणून तसा केलाय. तो हलला म्हणजे पाणी डोक्यावरून जायला आलं."

मुलगा काही म्हणणार, तोच मागून बाई म्हणाल्या, "थांबू द्या त्यांना."

मास्तरांनी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. तशा त्या उन्हात आत गरम हवेचा लोट आला.

"हे काय भलतंच!" मुलगा ओरडला.

"इंजिनाची आग आपण वाटून घेतोय, दादा. पाचच मिनिटं."

काटा खाली येईना, पण वरही चढेना. पुढच्या वळणावर बंद पडलेल्या वजनकाट्याची पत्र्याची शेड होती. तिच्या सावलीत गाडी उभी राहिली. घामाने निथळत तिघे उतरले. मुलगा कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे हात नेतोय असं दिसताच मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. "आत उकळतंय. चेहरा भाजेल. तासभर काही उघडायचं नाही."

तो तास मास्तरांना वर्षासारखा गेला. या गाडीचं इंजिन हलक्या धातूचं. एकदा उकळलं तर त्याचा माथा, म्हणजे वरचं झाकण, वाकतो. मग दुरुस्ती करण्यात अर्थ उरत नाही. ते शेडच्या खांबाला टेकून उभे होते. आपणच उशीर केला, हा विचार पाठ सोडत नव्हता.

इंजिन निवलं. मास्तर वाकले. त्याच पाइपाच्या प्लास्टिकच्या तोंडाशी पांढरट पापुद्रा होता, आणि त्याखाली केसाएवढी चीर. जुन्या डोळ्याला ती दिसली नसती. टाकी अर्धी रिकामी झाली होती.

"सकाळी तर भरलेली होती," ते पुटपुटले.

मुलाने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "मास्तर, मी दोनदा पाणी घातलं. कमी दिसलं म्हणून. नळाचंच. तुम्हाला सांगायचं राहिलं."

बाईंनी मुलाकडे असं पाहिलं, जसं त्या शाळेत पाहत असाव्यात. पण मास्तर म्हणाले, "कमी का झालं, ते विचारायचं तुमचं राहिलं. पाइप बदलायचा माझा राहिला. फिट्टंफाट."

डिकीतला पाइप निघाला. मुलाने शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि सांगतील तसं धरून ठेवलं. डिकीतल्याच डब्यातून कूलंट भरलं. गाडी चालू केली तेव्हा तिघेही श्वास रोखून काट्याकडे बघत होते. तो मधे आला आणि तिथेच राहिला. बहिणीकडे पोचायला दीड तास उशीर झाला, बाईंनी बहिणीला कारण सांगितलं, "आम्ही जरा शेकत बसलो होतो."

पण मास्तरांचा जीव अजून टांगणीला होता. माथा वाकला असेल तर लगेच कळत नाही, हळूहळू कळतं. दोन दिवसांनी गावी परतल्यावर ते गाडी घेऊन जुन्या मिस्त्रीकडे गेले. मुलगा न सांगता सोबत आला.

मिस्त्रीने नळाचं मिसळलेलं सगळं पाणी काढून आतली नळीन्‌नळी धुतली, नवं कूलंट भरलं. मग टाकीच्या तोंडाशी काचेची नळी लावली. तिच्यात निळं औषध होतं. "इंजिनातला धूर पाण्यात शिरत असेल तर हे पिवळं पडेल," तो म्हणाला.

मास्तर वळून रस्त्याकडे बघत राहिले. अकरा वर्षं बॉयलरकडे टक लावून बसलेल्या माणसाला ती बोटभर नळी बघवेना.

"दादा, तुम्ही बघा आणि सांगा."

मिस्त्री रबरी फुगा दाबत होता. फुस्स, फुस्स. दुकानातला पंखा कुरकुरत होता.

"निळंच आहे," मुलगा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "अजून निळंच आहे हो, मास्तर!"

मिस्त्रीने नळी उजेडात धरली, तिरकी करून पाहिली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली. "ठणठणीत. अजून दहा वर्षं पळेल. हिला वेळेवर थांबवलं कुणी?"

मुलाने मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तिथल्याच एका जुन्या टायरवर ते मटकन बसले. मिस्त्रीने पाणी आणून दिलं. ते त्यांनी एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं.

"विकण्याचं आता काढणार नाही मी," मुलगा हलकेच म्हणाला. "फक्त कधी काय बघायचं, ते मला लिहून द्या."

"लिहून नाही येत. हाताने शिकावं लागतं. रविवारी या."

निघताना मुलाने किल्लीसाठी हात पुढे केला. "आज तुम्ही बसा, मास्तर. मी चालवतो."

सतरा वर्षांत मास्तर त्या बाजूच्या सीटवर कधी बसले नव्हते. पट्टा लावायला त्यांना दोन वेळा प्रयत्न करावा लागला. काट्याकडे एकदा नजर टाकून ते मागे रेलले, आणि दुसरा सिग्नल यायच्या आत त्यांना गाढ झोप लागली.