रेडिएटरला लागलेली हळद

"मिस्त्री, उद्या सकाळी आठला वऱ्हाड मंठ्याला निघनार हाये. एवढं ध्यानात असू द्या," आबा म्हणाले. मी गाडीखाली आडवा होतो आणि हे वाक्य चौथ्यांदा ऐकत होतो.

लग्न आबांच्या मुलाचं. नवरदेव स्वतःच्या गाडीतून येणार, असं ते व्याह्यांना सांगून बसले होते. गाडी म्हणजे एक सेकंडहँड पांढरी कार. पाच किलोमीटर गेली की तापून उभी. वडीगोद्रीला हायवेवर माझं गॅरेज आहे, पण लग्नाच्या तोंडावर गाडी गॅरेजात दिसली तर गाव हसेल, म्हणून मला घरी बोलावलं. इथं अख्खं वऱ्हाड चहा पीत माझे पाय बघत होतं, त्याचं काही नाही.

इंजिनाची उष्णता कूलंट उचलतं आणि समोरच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गार होतं. नळ्या तुंबल्या की इंजिन तापतं. आत्ता इंजिन गार होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना उघडलं तर तोंड भाजतं. आमच्या उस्तादाचं भाजलं होतं. मग खालचा ड्रेन कॉक सोडला. घमेल्यात पिवळा चिखल पडला. वास घेतला, तर थेट फोडणीच्या वरणाचा.

"आबा, ह्यात काय टाकलंय?"

आबा आभाळाकडं बघू लागले. दारातून आबांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "हळद हाये. रेडिएटर गळू राह्यलं होतं, मंग मी टाकली. अर्धा किलो."

"म्हंजे नवरदेवाच्या आधी गाडीला हळद लावली?"

वऱ्हाड खदखदून हसलं. मी तर सगळ्यात जास्त. काकू आत निघून गेल्या.

मग मी कसब दाखवायला घेतलं. वरून पाण्याचा पाइप लावला, इंजिन फिरवलं, पाणी सोडलं. असं चारदा. शेवटी पाणी नितळ आलं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलं, इंजिन चालू केलं आणि हात पुसत उभा राहिलो.

दहा मिनिटांत खालून कूलंटची हिरवी धार लागली. रेडिएटरचं भोक त्या हळदीनंच बुजलं होतं. अर्धा किलो फार झाली म्हणून नळ्या तुंबल्या, हे खरं. पण बूच मीच धुऊन काढलं होतं.

"आता पोराला ट्रॅक्टरवर नेऊ का?" आबांनी हळूच विचारलं. कुणी हसलं नाही. असं भोक बुजवून देणारा सोल्डरिंगवाला जालन्याला, आणि तो दुकान उघडेपर्यंत वऱ्हाड निघालेलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. "काकू, दोन चमचे हळद द्या."

त्यांनी वाटी आणली, पण हातातून सोडली नाही. "मंग मघाशी कामून हसले?"

"चुकलं, काकू."

वाटी मिळाली. इंजिन गार होऊ दिलं, हळद पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये टाकली आणि गाडी पुन्हा चालू केली. धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबले.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर पाण्याचा कॅन. मंठ्यापर्यंत मी निसर्ग वगैरे काही पाहिला नाही, फक्त तापमानाचा काटा पाहिला. तो मध्यावरच राहिला. व्याह्यांनी विचारलं, हे कोण? आबा म्हणाले, "आमचे पाव्हने."

तेव्हापासून गाडीत काय टाकलंय हे विचारतो, आणि का टाकलंय हेही. हसायचं असेल तर इंजिन चालू करून दहा मिनिटं थांबतो.