सामाईक मोसंबीचं अनुदान

आमची मोसंबी सामाईक. धाकटा भाऊ आणि मी, दोघांनी मिळून लावलेली. सातबाऱ्यावर दोघांची नावं, पण बोलणं बंद. बांधावरून एकदा तोंडातोंडी झाली, तेव्हापासून तो पारावर आला की मी उठायचो.

त्या दुष्काळात विहीर आटली. झाडं जगवायची तर टँकरचं पाणी घालावं लागणार. तेवढ्यात सरकारनं फळबागेला अनुदान दिलं. पण कायदा असा, की सामाईक रानाचा पैसा एकाच्याच खात्यावर पडणार आणि दुसऱ्यानं संमतीची सही द्यायची. बँकेत खातं भावाचं होतं. मी काढलंच नव्हतं. आपला पैसा दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा आणि तोच मागायला रांगेत उभं राहायचं, हे मला कधी पटलं नाही.

सोसायटीचा सचिव मोटरसायकलवर कागद घेऊन आला. हा भावाबरोबर रोज एका हॉटेलात बसणारा. मी चौथीही पुरी केली नाही, पण कोण कुणाचा चहा पितो एवढं मला कळतं.

"आबा, हितं सही करा."

"वाचून दाखव."

त्यानं वाचलं. पैसे भावाच्या खात्यावर पडायला माझी हरकत नाही, एवढंच होतं.

"आता मागचं वाच."

"मागं कोरं हाय."

"तेच तर. कोऱ्यावर उद्या तू काय लिवशील, ते मला आज कसं कळावं?"

"आबा, मुदत उद्याची हाय. झाडं तुमचीच वाळतेत."

"वाळू दे."

म्हणालो खरं, पण पानं गोळा व्हायला लागली होती. तरी सही दिली नाही. निरोप धाडला, की भावानं खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलावा, सगळा पैसा झाडांच्याच पाण्याला लावीन म्हणून. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही.

मला वाटलं, तो येणार नाही. सकाळी माझ्या आधी देवळात हजर. पायताण काढलं, बेलभंडार उचलला, बोलला, कपाळाला लावला. इतक्या झटक्यात, की माझा संशय वाढला. पण शपथ आपणच मागायची आणि समोरच्यानं घेतल्यावर मागं फिरायचं, असं होत नाही. कागदाच्या कोऱ्या बाजूवर सचिवाला आडवी रेघ मारायला लावली, मग सही केली.

पुढं टँकर आल्याचं ऐकलं. दुपारी भाऊ जेवायला घरी गेला असंल, या हिशोबानं मी बागेत गेलतो. निम्म्या ओळी मी राखायचो, निम्म्या तो; माझ्या अंगाच्या ओळीत एका झाडाच्या आळ्यात बोट खुपसलं. गार लागलं. मग त्याच्या अंगाच्या ओळीत खुपसलं.

"कोपरापतुर घाल की," मागून आवाज आला. तो चिंचेखाली भाकर खात बसलेला. "वरूनच वलं केलं असंल मी."

बांधावरच्या भांडणानंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मी कोपरापर्यंत उकरलं. खालीही ओल होती.

"झालं का समाधान, दादा?"

"आज तर हाय."

त्यानं अर्धी भाकर पुढं केली. हात मातीचा होता, तसाच घेतली.

झाडं जगली. फक्त त्याच्या अंगाच्या शेवटच्या झाडाला फळ जरा जास्त लागतं. ते कशानं, हे मी अजून बघतोय.