बर्फातला सिनेमा येतोय

पुढच्या शुक्रवारी बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकांचा सिनेमा लागतोय. मुलगी रोज मोबाईलवर त्याचा ट्रेलर दाखवते. "आई, थंडीत जगायचं कसं, ते कळेल बघ."

मी हो म्हणते, पण ते पाहूनच मला दमल्यासारखं होतं. बारा वर्षं मी भाईंदरला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम केलं. एका दुपारी खोलीचं दार बाहेरून अडकलं. आत मी आणि माझ्यासोबत काम करणारी, उत्तन गावची एक मावशी. ओरडून ओरडून घसा बसला. मग बोटं दुखायची थांबली आणि मला झोप यायला लागली. मी खोक्यावर बसले, तर मावशीने दंड धरून उठवलं. "बसायचं न्हाय. चाल." मी रडायला लागले, तेव्हा तिने माझे हात स्वतःच्या काखेत घट्ट धरले. कुणीतरी दार उघडेपर्यंत आम्ही तशाच चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दोघीही कामावर गेलो. घरी मी हे कधी सांगितलंच नव्हतं. काल मुलीला सांगितलं. तिने मोबाईल खाली ठेवला.

"मग नको जायला?"

"जाऊ या," मी म्हटलं. "पण दुपारचा शो बघ. संध्याकाळी अंगात काही उरत नाही."