फेडरवरचं बोट

बहिणीच्या हळदीला आईचे धवले लावायचे, हे मीच ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

आई आमच्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावांत आगऱ्यांचं लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला यायचं. धवलारीण गायला बसल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. दुसऱ्यांच्या कितीतरी पोरींना तिने गाऊन सासरी धाडलं, आणि स्वतःच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा तिचं उजवं अंगही गेलेलं होतं आणि वाचाही. समजायचं सगळं. बोलायला गेली की तोंडातून नुसती हवा यायची, मग ती डाव्या हाताने ‘राहू दे’ अशी खूण करायची. ती खूण मला बघवायची नाही.

तिच्या आवाजाची एक कॅसेट मात्र माझ्यापाशी होती. धडधाकट असताना शेजारच्या लग्नात ती गात होती, तेव्हा मी हौसेने भरून घेतलेली. मध्येच कुत्रं भुंकतं, कुणीतरी चहा मागतं, पण आईचा आवाज खणखणीत. बहिणीला म्हटलं, तुझी हळद आईच्याच आवाजात लागेल. ती रडायलाच लागली. त्यानंतर माघार घ्यायला जागाच उरली नाही.

तेव्हा डोंबिवलीतल्या एका मित्राबरोबर माझा साउंडचा धंदा होता. धंदा म्हणजे दोन टेप डेक, एक अँप्लिफायर, दोन बॉक्स आणि कल्याणला कुणीतरी घरच्या घरी जुळवलेला मिक्सर. त्याच्यावर स्टिकर परदेशी, आतला माल भंगारातला. दोन डेकच्या मधोमध आडवी सरकणारी खिट्टी, तो क्रॉसफेडर. डावीकडे सारला की डावा डेक वाजणार, उजवीकडे सारला की उजवा. आमचा फेडर उजवीकडे नेला की खरखरायचा. एरवी नाचणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसायचं.

हळदीच्या दिवशी दुपारी कॅसेट लावून बघितली, तर आईच्या आवाजात तीच खरखर. कॅसेट डाव्या डेकला घातली असती तर भागलं असतं. पण मित्राला दुरुस्तीची खुमखुमी. मी मांडवाला दोऱ्या बांधत होतो तेवढ्यात त्याने मिक्सर उघडला आणि फेडरच्या फटीत शिलाई मशीनचं तेल सोडलं. फेडर लोण्यासारखा सरकायला लागला आणि दोन्ही बाजूंचा आवाज गेला.

मग आमची जी धावपळ झाली ती विचारू नका. स्पिरिटने पुसलं, फुंकरी मारल्या, वायरींची अदलाबदल केली. मिक्सर वगळून डेक थेट अँप्लिफायरला लावावा, तर त्या दोघांच्या पिना जुळेनात आणि जुळवणारी वायर आमच्याकडे नव्हती. शेजारचा टू-इन-वन आणला, त्याचा आवाज भांड्यांच्या खणखणाटातच बुडाला. शेवटी मित्र म्हणाला, “टेन्शन नको घेऊ रे, कल्याणवरून नवा फेडर घेऊन येतो. असा गेलो नि असा आलो.” आणि लुना घेऊन गेला. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकला, हे नंतर कळलं. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहत होतो.

तो गेल्यावर मला एवढंच सापडलं, की कॅसेट डाव्या डेकला घालून फेडर डावीकडे सारला आणि तर्जनीने हलकेच खाली आणि जरा आपल्याकडे दाबून धरला, की आवाज येतो. स्वच्छ येतो. बोट हललं की गेला. चुलतभावांना धरायला लावलं, पण कुणी जोर जास्त दिला, कुणी कमी. कुणाला ते जमेना. मला रडू यायच्या बेतात होतं.

संध्याकाळी बहीण पाटावर बसली. आईला खुर्चीत तिच्या शेजारी आणून बसवलं. मी बोट दाबलं आणि मांडवात आईचा आवाज आला. आईने बॉक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचे ओठ हलायला लागले. शब्दाला शब्द जुळत होता. एक-दोनदा तर ती कॅसेटच्या आधीच पुढच्या ओळीवर गेली.

सवाष्णींची हळद लावून झाली. आमच्या घरात त्यांच्यानंतर भाऊ हळद लावतो, आणि मी तिला एकटाच भाऊ. काकीने वाटी पुढे केली. “ये ना रं, हलद लावाला भाऊस नको का?”

मी मानेनेच नाही म्हटलं. टेबल पाटापासून चार हातांवर, पण बोट कसं सोडू? बहिणीने वर बघितलं. तिला वाटलं असेल, हा धंद्यापायी उठत नाही. तिला ओरडून काय सांगणार होतो? बोटाला मुंग्या आल्या होत्या, त्यातच ते जरासं घसरलं. आवाज बंद. आत टेप फिरतच होती, त्यातली ती ओळ ऐकू न येताच पुढे गेली. आईचे ओठ मात्र हलत होते, आणि सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता. मी घाईने पुन्हा दाबलं, तर आवाज येऊन परत गेला. इतका लाचार मी पुढे कधी झालो नाही.

आईने माझ्याकडे बघितलं. तिने डावा हात उचलला आणि तीच खूण केली. राहू दे. मग तोच हात बहिणीकडे वळवला.

मी बोट काढलं. पाटाशी जाऊन वाकलो, वाटीत बोटं बुडवली आणि बहिणीच्या गालाला हळद लावली. माझ्या तर्जनीला तिचा गाल कळतच नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, आईच्या ओठांकडे बघत होती. मागे टेबलावर कॅसेट संपली आणि डेकचं बटण खटकन वर आलं. मांडवात ते सगळ्यांना ऐकू गेलं. आईचे ओठ त्यानंतरही हलत होते.